एकाच्या उसंतीत दुसऱ्याचा सूर

एक, तीन, एक, तीन, एक, तीन. बोनांग बारुंगवर बसलेला वादक दोन्ही हातांनी आळीपाळीने एवढंच करतो आहे. डावा टोल एकावर, उजवा तीनवर. शेजारी बोनांग पनेरुस आहे. घडण तीच, पण वाद्य एक सप्तक वरचं. त्या वादकाच्या वाट्याला आलेत दोन आणि पाच. दोन, पाच, दोन, पाच. यांतल्या एकालाच बसवून ऐकलं तर रसिक माणूस मिनिटभरात चपला शोधू लागेल. पण बारुंगचा प्रत्येक टोल मात्रेवर पडतो, पनेरुसचा दोन मात्रांच्या नेमक्या मधे पडतो, आणि आपल्या कानापर्यंत पोचतं ते एक-दोन-तीन-पाच, एक-दोन-तीन-पाच असं न थांबणारं आवर्तन. ते बारुंग वाजवत नाही आणि पनेरुसही वाजवत नाही. मध्य जावाच्या गामेलानमध्ये, म्हणजे तिथल्या कांस्यवाद्यांच्या ताफ्यात, या गुंफणीला इम्बाल म्हणतात. गामेलानच्या सगळ्या करामतींत माझा जीव सर्वांत जास्त जडला आहे तो हिच्यावर.

आकडे पाहून बिचकू नये. जावाचे वादक सूर आकड्यांनी लिहितात. सोलोमध्ये, म्हणजे सुराकार्तामध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रुळली. स्लेंद्रो नावाच्या पाच सुरांच्या मांडणीत १, २, ३, ५ आणि ६ असे सूर येतात, ४ नसतोच. पाच सूर म्हटल्यावर मराठी कान लगेच भूप शोधायला धावतो, तिथे जमलं नाही तर दुर्गा. ती धाव आवरलेली बरी. स्लेंद्रोत एका षड्जापासून वरच्या षड्जापर्यंतचं अंतर पाच जवळजवळ सारख्या भागांत वाटलेलं असतं, त्यामुळे आपला गंधार किंवा पंचम जिथे हवा तिथे तो सापडत नाही. शिवाय प्रत्येक संचाची जुळणी वेगळी. एका वाड्यातलं बोनांग उचलून दुसऱ्या वाड्यातल्या संचात ठेवलं तर ते तिथे बेसूरच वाजेल. तंबोराही नाही, म्हणून ‘सा कुठला धरायचा’ हा प्रश्न बाजूला ठेवूनच ऐकायला बसावं लागतं.

बोनांग म्हणजे कांशाची पालथी वाटोळी भांडी, माथ्यावर फुगीर उंचवटा, लाकडी चौकटीत ताणलेल्या दोऱ्यांवर दोन ओळींत मांडलेली. दोरा गुंडाळलेल्या लाकडी दांड्यांनी नेमका तो उंचवटा टिपायचा. बारुंगची वरची ओळ आणि पनेरुसची खालची ओळ एकाच सप्तकातली असते, म्हणजे दोघांचं कुंपण सामाईक आहे. इम्बालला लागणारी शेजारधर्माची सोय वाद्याच्या घडणीतच करून ठेवलेली.

आपल्याकडे दोन वादक समोरासमोर बसले की जुगलबंदी होते. तिचं व्याकरण आपल्या अंगवळणी पडलंय: एकाने फिरत घेतली, दुसऱ्याने ती उचलून वर एक पेच टाकला, श्रोत्यांनी मान डोलावत मनातल्या मनात गुण दिले. दोघंही आपापल्या जागी पूर्ण असतात. एखादा ऐन वेळी आला नाही तरी दुसरा मैफल निभावून नेऊ शकतो. इम्बालमध्ये हे अशक्य आहे. इथे सवाल नाही, जवाब नाही. सवालातलीच अर्धी अक्षरं एकाकडे आणि अर्धी दुसऱ्याकडे. एक वादक उठून गेला तर उरलेल्याकडे छिद्रांखेरीज काही राहत नाही. गुण कुणाला द्यायचे हा प्रश्नच उभा राहत नसल्यामुळे आपला रसिक पहिल्या बैठकीत जरा बावचळतो. दाद द्यायला चेहरा लागतो, आणि इथे तो सापडत नाही.

तरी दोघांचं काम सारखं अवघड नाही. बारुंगवाल्याच्या पायाखाली जमीन आहे. त्याच्या टोलासोबत सारोन आणि स्लेंथेम ही धातूच्या पट्ट्यांची वाद्यं पडतात, मोठी वाद्यं त्याच्याच मात्रेवर येऊन मिळतात. पनेरुसवाला पडतो तिथे बहुतेक वेळा दुसरं कुणीच नसतं. माणसाच्या हाताला मात्रेची ओढ असते. लय जरा चढली की मधला टोल नकळत मात्रेकडे सरकतो. केसभर सरकला तरी चार सुरांचं वर्तुळ मोडून एक-दोन, तीन-पाच अशा दोन जोड्या होतात आणि चाल लंगडू लागते. म्हणून मी इम्बाल ऐकताना आधी पनेरुसवर कान ठेवतो. तो स्वस्थ असेल तर बाकी सगळं ठीक चाललंय असं समजावं.

जावाच्या खेड्यांत बायका लेसुंगमध्ये, म्हणजे लांबट लाकडी उखळात, भात कांडताना मुसळांचे ठोके एकमेकींच्या मधे बसवून ताल धरत. योग्याकार्ताच्या आसपास हे ‘गेजोग लेसुंग’ आता हौसेने, सणासमारंभात वाजवलं जातं. दोघी एका उखळात कांडत असतील तर मुसळं आळीपाळीनेच पडायला हवीत, नाहीतर एकमेकांवर आदळतील, हे आपल्या आज्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. इम्बाल थेट तिथूनच निघाला असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये. राजवाड्यातलं कांस्यसंगीत आणि खळ्यातलं लाकूड यांच्यामध्ये बरीच पायपीट आहे. पण दुसऱ्याचा ठोका उचलला गेला की आपला टाकायचा, ही हाताची जाण दोन्हीकडे एकच.

चांगला इम्बाल ओळखायचा कसा? प्रचलित उत्तर असं की, दोन वादक आहेत हे कळूच नये. मला ते पटत नाही. सांधा पूर्ण पुसला गेला तर उरतं एक साधं चार सुरांचं चक्र, आणि ते एकट्या माणसालाही वाजवता येईल. बारुंगचा नाद गोल आणि जरा गडद, पनेरुसचा टोकदार आणि उजळ. म्हणजे एक-दोन-तीन-पाच या ओळीत प्रत्येक दुसरा सूर किंचित चमकतो. ही चमक लयीची नाही, सुराचीही नाही. ती दोन वेगळ्या धातुपिंडांची आहे. कान खाली ठेवला तर फक्त एक-तीन ऐकू येतं, हळूहळू वर सरकवला तर दोन-पाच पुढे येतं, आणि दोन्हीचा नाद सोडला की अखंड ओळ परत जुळून येते. वाजणारं तेच, पण ऐकणाऱ्याच्या मर्जीने तीन वेगळ्या गोष्टी. सांधा हवाच, तो दिसावाही, फक्त तो उसवू नये. सोलोच्या जुन्या वादकांच्या ध्वनिमुद्रणांत हा तोल फार सुरेख सांभाळलेला आढळतो. हल्लीच्या काही ताफ्यांत लय एवढी पुढे रेटतात की ऐकू येते ती नुसती किणकिण.

सारोनच्या घराण्यात अडचण वेगळी आहे. देमुंग, सारोन आणि पेकिंग ही कांशाच्या जाड पट्ट्यांची वाद्यं, खाली पोकळ लाकडी पेटी. पट्टीवर हातोडी पडली की ती बराच वेळ वाजत राहते. म्हणून उजव्या हाताने नवा सूर वाजवताना त्याच क्षणी डाव्या हाताच्या चिमटीत आधीची पट्टी धरून गप्प करायची, हा पहिला धडा. दोन देमुंगांमध्ये इम्बाल करायचा तर एवढ्याने भागत नाही. माझा सूर दुसऱ्याचा सूर येण्याआधीच संपला पाहिजे, नाहीतर दोघांचे आवाज एकमेकांत कालवले जातात आणि गुंफण दिसेनाशी होते. मग टोल दिला की अर्ध्या मात्रेच्या आत तीच पट्टी पकडायची, सोडायची, पुढची वाजवायची. म्हणजे सुरू करण्याइतकंच संपवणं महत्त्वाचं. देमुंगवाल्याचा डावा हात पाहत बसावा. त्याचं सगळं कौशल्य तिथे उघड्यावर असतं, आणि बहुतेक प्रेक्षक उजव्या हाताच्या हातोडीकडे बघत असतात.

योग्याकार्ताच्या सोरान शैलीत, म्हणजे दणदणीत वादनात, देमुंगांचा इम्बाल फार मानाचा. दोन देमुंग मुख्य ओळ आपसांत वाटून घेतात आणि त्यांच्या अंगाखांद्यावर सारोन आपली जलद वीण चढवतात. ऐकताना अंगावर येतं खरं, पण माझ्या मते याची गोडी पाचेक मिनिटांची. इतक्या जाड धातूची इतकी घट्ट वीण झाली की हवा खेळायला जागा राहत नाही. बोनांगच्या इम्बालमध्ये ती राहते.

आता इम्बालच्या पलीकडे जाऊया. गुंफण ही गामेलानमध्ये दोन वादकांपुरती करामत नाही, सगळ्या रचनेचा पायाच तसा आहे. उदाहरणाला ‘केतावांग पुस्पावार्ना’ घेऊ. ही रचना सोलोचे राजपुत्र चौथे मंकुनेगारा (कारकीर्द १८५३ ते १८८१) यांच्या नावावर आहे. नावाचा अर्थ फुलांचे प्रकार, आणि फुलांच्या आडून राजपुत्राच्या आवडत्या स्त्रियांची आठवण. केतावांग हा सोळा मात्रांचा साचा. त्यातली बालुंगान, म्हणजे सारोन-स्लेंथेमवर वाजणारी कण्यासारखी ओळ, सुरुवातीच्या भागात अशी आहे: टिंब दोन टिंब तीन, टिंब दोन टिंब एक, टिंब तीन टिंब दोन, टिंब एक टिंब सहा. टिंब म्हणजे रिकामी मात्रा. सोळांपैकी आठ मात्रा रिकाम्याच.

त्या रिकाम्या मात्रांवर काय वाजतं? सोलोच्या पद्धतीने साचा मांडला तर केम्प्यांग. हे एक छोटं, उंच आवाजाचं भांडं. ते पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या अशा नेमक्या त्या मात्रांवर पडतं जिथे बालुंगान गप्प आहे. दुसऱ्या, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या मात्रेवर केतुक, त्याचा आवाज बुटका, दाबलेला. आठव्या मात्रेवर केनोंग हे मोठं भांडं, बाराव्यावर टांगलेला केम्पुल, सोळाव्यावर केनोंगसह गोंग आगेंग. आपल्या सवयीप्रमाणे सम पहिल्या मात्रेवर शोधली तर फसगत होते. इथे सगळा भार शेवटच्या मात्रेवर, चारांतल्या चौथ्यावर आणि सोळांतल्या सोळाव्यावर. आपल्याकडेही समेवर ‘येतात’ म्हणा, पण तिथून मोजणीही सुरू होते. जावामध्ये गोंग वाजला की हिशेब मिटला.

राहिली चौथी मात्रा. साच्याच्या न्यायाने तिथे केम्पुल यायला हवा. आठ आणि सोळा केनोंगचे, तर बारा आणि चार केम्पुलचे. पण चौथ्यावर केम्पुल वाजत नाही. त्या जागेला वेला म्हणतात. कारण साधं आहे: नुकताच गोंग वाजलाय आणि त्याचा हुंकार अजून हवेत आहे, त्यावर पाय देऊ नये. लादरांग, लांचारान या साच्यांतही गोंगनंतरचा पहिला केम्पुल असाच सोडून दिलेला असतो. ठरवून रिकामी ठेवलेली, नाव दिलेली, प्रत्येक आवर्तनात जपलेली जागा. पुस्पावार्ना पुन्हा पुन्हा ऐकताना मी याच जागेची वाट पाहतो. बाकी वाद्यं एकमेकांच्या फटी भरत असताना ही एक फट सगळ्यांनी मिळून राखलेली आहे, आणि ती राखली म्हणून इतर फटी भरलेल्या कळतात.

पुस्पावार्ना ऐकायला मिळणं मुळीच कठीण नाही. योग्याकार्ताच्या पाकुआलामान वाड्यात १९७१ साली वासितोदिपुरो यांच्या मार्गदर्शनाखाली झालेलं वादन रॉबर्ट ब्राउन यांनी ध्वनिमुद्रित केलं. हे ब्राउन म्हणजे दक्षिण भारतीय मृदंगावर प्रबंध लिहिलेले अमेरिकन अभ्यासक. तेच वादन १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेलं. त्याच तबकडीवर आपल्या केरीच्या, गोव्याच्या, केसरबाई केरकर आहेत: भैरवीतलं ‘जात कहाँ हो’. दोन्ही एकापाठोपाठ लावून पाहावीत. केसरबाईंच्या गाण्यात एक गळा सगळा भार उचलतो. श्वास कुठे घ्यायचा, सूर कुठे सोडायचा, समेवर कसं उतरायचं, सगळ्याची मालकी एकीकडे. दमसास हीच तिथली वास्तुकला. पुस्पावार्नामध्ये गायक आहेत, गजाने वाजणारा रबाब आहे, पण कुणालाच दम टिकवायचा नाही. एकाचा सूर विरत असतो तेव्हा दुसरा हजर असतो. केसरबाई ऐकून लगेच जावाकडे वळलं की पहिला मिनिटभर कुणी सूत्रं हातात घेत का नाही असं वाटतं. दुसऱ्या आवर्तनापर्यंत ती तक्रार विसरलेली असते.

गातराला, म्हणजे चार मात्रांच्या तुकड्याला, गच्च भरण्याची जावाची रीत समजायची तर इरामा समजून घ्यायला लागतो. आपल्या विलंबित ख्यालात मात्रा लांबली की तबलजी मधल्या जागा भरून घेतो. तेच इथे सगळा ताफा करतो, आणि पायऱ्या आखून करतो. पेकिंग हे सारोन कुळातलं सर्वांत लहान वाद्य, त्याची हातोडी शिंगाची. बालुंगानच्या एका सुराला पेकिंगचे किती टोल, यावर पायरी ठरते: इरामा लांचारमध्ये एक, तांगुंगमध्ये दोन, दादीमध्ये चार, विलेदमध्ये आठ, रांगकेपमध्ये सोळा. म्हणजे बालुंगान मंदावत जाते आणि वरचा पृष्ठभाग दाटच राहतो.

‘लादरांग पांगकुर’ घ्या, स्लेंद्रोतलाच. पहिला गातरा दोन-एक-दोन-सहा. तांगुंगमध्ये पेकिंग वाजवतो दोन-दोन, एक-एक, दोन-दोन, सहा-सहा. यात एक बारकी गंमत आहे. जोडीतला दुसरा टोल बालुंगानच्या सुराबरोबर पडतो, म्हणजे पहिला त्याच्या आधी पडलेला असतो. सारोनने दोन म्हणण्यापूर्वीच पेकिंगने ते सांगून टाकलेलं असतं. बोनांग बारुंगही तेच करतो, जोडीचे सूर ‘दोन-एक-दोन, दोन-एक-दोन-एक’ असे आधीच घोळवत. कागदाशिवाय, आठवणीतून वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात याचा रोकडा उपयोग आहे: एखाद्या सारोनवाल्याला पुढचा सूर आठवला नाही तर त्याने बोनांगकडे कान द्यावा, तिथे तो क्षणभर आधी मिळतो.

पांगकुर विलेदमध्ये शिरला की गोष्टी बदलतात. लादरांगच्या बत्तीस मात्रा, प्रत्येक मात्रेला पेकिंगचे आठ, म्हणजे दोन गोंगांमध्ये दोनशे छप्पन्न टोल मावतील एवढं अंगण. केंडांगवाला, म्हणजे ढोलवादक, आधीचे ढोल सोडून चिब्लोन हा मधल्या आकाराचा ढोल घेतो, त्याच्या बोलांत नाचाची चाल येते. आणि बोनांग आपलं वाटाड्याचं काम सोडून देतो. बारुंग आणि पनेरुस इम्बाल धरतात, आणि त्या क्षणापासून ते बालुंगानचा पुढचा सूर सांगत नाहीत. चार सुरांचं तेच वर्तुळ फिरत राहतं, खाली ओळ कुठेही जावो. इतका वेळ दिशा दाखवणाऱ्याने दिशा दाखवणं थांबवलं की संगीत पोरकं व्हायला हवं. पण होतं उलटं. सगळं हलकं होतं. मागे बसलेले पुरुष गायक टाळ्या धरतात, त्याही आपसांत गुंफलेल्या, एकाची मात्रेवर तर दुसऱ्याची मधे, आणि मधूनच सेंगाकानच्या आरोळ्या ठोकतात. राजवाड्यातला गंभीर मंडप पाहता पाहता जत्रेच्या अंगाने झुकतो.

वर्तुळ सुटतं ते सेलेहच्या जवळ. सेलेह म्हणजे ओळीचा मुक्काम, जिथे सुराला टेकायचं आहे ती जागा. मुक्काम दोन-चार मात्रांवर आला की बारुंग एकदम एक-तीन सोडतो आणि एक वळणदार तुकडा घेऊन मुक्कामाच्या सुरावर उतरतो. त्याला सेकारान म्हणतात. पनेरुसही आपलं सेकारान घेतो, पण ते वेगळं असतं, दुप्पट बारीक. म्हणजे इतका वेळ एकमेकांच्या फटीत काटेकोर बसणारे दोघे शेवटच्या वळणावर गुंफण सोडून, आपापल्या वाटेने, एकाच उंबऱ्यावर येतात. पोचतात मात्र एकत्र. आणि लगेच पुन्हा एक-तीन, दोन-पाच. माझ्या लेखी पांगकुरचा खरा रस याच बदलात आहे. नुसता इम्बाल ऐकत राहिलं तर तंद्री लागते, नुसती सेकारानं ऐकली तर ती नक्षी वाटते. बंधन, सुटका, पुन्हा बंधन, आणि सुटकेची जागा आधीपासून ठाऊक असूनही दर वेळी ती किंचित लवकर आल्यासारखी वाटते.

जाणकारांना विचाराल तर ते याहून नाजूक गुंफण दाखवतील, ती एकाच वादकाच्या दोन हातांतली. गेंडेर या वाद्याच्या पातळ पट्ट्या नळ्यांवर टांगलेल्या असतात, दोन्ही हातांत वाटोळ्या गादीच्या काठ्या. उजवा हात एक ओळ विणतो, डावा दुसरी, आणि दोघांचे सूर एकमेकांच्या मधे येत राहतात. इथे पट्टी गप्प करायला तिसरा हात नाही. ज्या हाताने वाजवायचं त्याच हाताच्या तळव्याच्या कडेने किंवा बोटाने आधीची पट्टी थांबवायची, तीही पुढचा टोल देता देता. मनगट जरा ताठ झालं की सूर एकमेकांवर सांडतात. गामेलानच्या गदारोळात गेंडेर नेहमी ऐकू येतोच असं नाही. वायांग म्हणजे छायाबाहुल्यांच्या खेळात रात्री उशिरा, बाकीची वाद्यं थांबली असताना, तो सुटा ऐकावा.

एवढे सगळे जण एकमेकांच्या फटी भरत असतील तर मूळ चाल कोण वाजवतं? बालुंगान, असं बरेच दिवस पाश्चात्त्य अभ्यासक लिहीत होते, कारण ती कागदावर नीट मांडता येते. सुमारसाम या जावाच्याच वादक-अभ्यासकाने १९७५ साली वेगळी मांडणी केली: चाल वादकांच्या मनात असते, आणि कुठलंच वाद्य ती पूर्ण वाजवत नाही. बालुंगान हीसुद्धा त्या चालीची एक संक्षिप्त छाया. ही कल्पना मला फार पटते, आणि तिचा पुरावा इम्बालमध्ये कानाने मिळतो. बोनांगचे दोघे बालुंगानपासून मोकळे फिरत असताना नेमके सेलेहवर येऊन उतरतात, ते कशाच्या भरवशावर? दोघांच्या मनात तीच न वाजणारी ओळ चालू असल्याखेरीज हे जमणार नाही.

संगीत-अभ्यासक ज्युडिथ बेकर यांनी गोंगाच्या आवर्तनांचा संबंध जावाच्या कालगणनेशी जोडला होता. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन असा पाच दिवसांचा बाजाराचा आठवडा, त्याच्या बाजूने सात दिवसांचा आठवडा, आणि दोघांची गाठ पस्तीस दिवसांनी पडते. जन्मवार आणि वाड्यांमधले मेळावे त्यावर मोजतात. मोह पडावा अशी ही जोडणी आहे. पण पंचांगापासून बोनांगपर्यंत सगळीकडे एकच नियम दिसू लागला की जरा सावध व्हावं, असं मला वाटतं. आपल्याकडेही तिथी आणि वार वेगवेगळे फिरतात. त्यातून इम्बाल निघाला नाही.

बालीचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण गुंफलेलं वादन म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर आधी बालीच येतं. तिथल्या कोतेकानमध्ये पोलोस आणि सांगसिह असे दोन वाटे असतात, आणि वेग असा की एकट्या माणसाच्या हाताला तो झेपणारच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर बालीत जन्मलेल्या गोंग कब्यारने तो वेग शिगेला नेला. ऐकून थक्क होतो, टाळ्याही वाजवतो. पण थक्क होणं एकदा घडतं. बाली गुंफण वापरतो अशक्य ते शक्य करायला. जावाचा इम्बाल एकट्यालाही अवघड न वाटणारं काम मुद्दाम दोघांत वाटतो, आणि त्या वाटणीचीच मजा घेतो.

नव्याने ऐकू इच्छिणाऱ्यासाठी एक सूचना, जरा कुरकुरीची. पुष्कळशा अलीकडच्या ध्वनिमुद्रणांत बारुंग डाव्या कानात आणि पनेरुस उजव्या कानात असा चोख बंदोबस्त केलेला असतो. हेडफोनवर ते भलतंच आकर्षक वाटतं आणि इम्बालचा जीव घेतं. दोन वाद्यं डोक्याच्या दोन टोकांना बांधली की त्यांची ओळ जुळतच नाही, आपण टेनिसचा सामना ऐकत बसतो. मंडपात हे दोघे हाताच्या अंतरावर बसलेले असतात आणि श्रोता बराच लांब. तेव्हा हेडफोन काढावेत, साधा स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा, आवाज मध्यम. पांगकुरचं एखादं लांब वादन निवडावं, निदान पंधरा मिनिटांचं, कारण विलेदपर्यंत पोचायलाच त्यातला बराच वेळ जातो. आणि चिब्लोन सुरू झाला की कान आधी पनेरुसकडे लावावा.